रोजच्या घडीच्या चाकूला कुठलं स्टील? रविवारच्या आत ठरवायचं आहे

नरेश_८१
डी२ स्टीलचा घडीचा चाकू दीड वर्ष वापरतोय. पात्यावर काळे-तांबूस ठिपके पडलेत आणि धारेला बारीक दाते पडतात. विकणाऱ्याने "गंजत नाही" असं सांगून दिला होता. नवीन घ्यायचा आहे, रविवारी ऑर्डर टाकणार. १४सी२८एन, व्हीजी-१०, ८सीआर१३एमओव्ही यांतलं कुठलं स्टील, की आणखी काही? कृपया एकच नाव सांगा, जिथे वाचावं तिथे वेगळंच लिहिलेलं असतं.

सह्यभ्रमर
काय कापता, बजेट किती, धार कशावर लावता? यातलं काहीच लिहिलेलं नाही.
मी बारा वर्षं ओपिनेल नंबर ८ हा फ्रेंच घडीचा चाकू वापरतोय, साधं कार्बन स्टील, साडेआठ सेंटीमीटर पातं. काळं पडतं, पण निसण्यावर पाच मिनिटं घासलं की हातावरचे केस उडतात. डोळे मिटून घ्या.

नरेश_८१
सगळंच कापतो. सुतळी, खताच्या गोणी, काड्या. साडेचार हजारांपर्यंत. दगड आहे घरी. मूठ, लॉक हे माझं मी बघेन, स्टीलचं सांगा.

टूलरूम_भोसरी
डी२ म्हणजे आमचं एचसीएचसीआर, हाय कार्बन हाय क्रोमियम. आयुष्य गेलं त्याचे पंच आणि डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, करण्यात. कार्बन साधारण दीड टक्का, क्रोमियम १२ च्या आसपास. हा १२ चा आकडा बघून लोक त्याला स्टेनलेस समजतात, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनबरोबर कार्बाइड, म्हणजे कडक कण, होऊन अडकतं. गंज अडवायला मोकळं उरतं ते थोडंच. पावसाळ्यात ग्राइंडिंग झालेला पंच तेल न लावता टेबलावर राहिला तर सकाळी त्यावर कालच्या माणसाचे बोटांचे ठसे तांबूस उठलेले दिसतात, इतकं ते नाजूक.
दात्यांचं कारणही तेच. हे कार्बाइडचे कण मोठे असतात, धार फार पातळ केली की कडेचा कण निघून येतो आणि खाच पडते. तुम्ही किती अंशाला घासता? आणि काड्या म्हणजे कसल्या?

काका_कुडाळ
नरेश, ऑनलाइनच्या भानगडीत पडू नकोस रे. लोहाराकडे जा, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पातं करून घे. माझ्या वडलांचा कोयता त्याच पाट्याचा आहे, अजून नारळ सोलतो.

टूलरूम_भोसरी
काका, पाटा मजबूत, वादच नाही. पण त्यात क्रोमियम जेमतेम एक टक्का, म्हणजे गंजणार डी२ पेक्षा जास्त. त्यांची पहिली तक्रार गंजाचीच आहे.

काका_कुडाळ
खोबरेल लावलं की गंजत नाही. आम्ही काय इतकी वर्षं गंजलेल्या कोयत्याने कामं केली?

मिशिगनकर
मॅग्नाकट. विषय संपला. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने खास चाकूंसाठी बनवलेलं स्टील, २०२१ मध्ये बाजारात आलं. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या पुढे थोडंसंच, पण क्रोमियमचे कार्बाइड होऊच दिलेले नाहीत, त्यामुळे सगळं क्रोमियम गंज अडवायला मोकळं. मी तळ्यावर मासे साफ करतो, एक ठिपका नाही.

सह्यभ्रमर
साडेचार हजारांत मॅग्नाकट कुठे मिळतं ते पण सांगा. आणि तुमच्या तळ्याचं पाणी गोडं आहे.

चकमक
खिशात बाळगणार असाल तर कायदा बघा. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्रांत मोडतं, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. विमानात केबिन बॅगेत अजिबात नको.

अनघा_त
विळीच्या पात्यालाही असंच होतं. केळफूल चिरलं की काळीकुट्ट. ते पातं स्टेनलेसचं बदलून मिळतं का?

नरेश_८१
कायदा माहीत आहे, पातं तीन इंचांचं आहे. काड्या आंब्याच्या. जून ते ऑगस्ट रोज शंभर-दीडशे कोय कलमं बांधतो, कोयीतून उगवलेल्या रोपावर काडी बसवून. देवगडला बाग आहे, घर खाडीला लागून. वीस अंशाला घासतो, कधी पंधरा.

रोपवाटिका_दापोली
नरेशभाऊ, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. खारी हवा, पावसाळा आणि आंब्याचा चीक, तिन्ही एकत्र आहेत तुमच्याकडे.
कलमाची गोष्ट वेगळी असते. दोन-तीन आठवड्यांचं कोवळं रोप, त्यात खाच, आणि काडीची तीन-चार सेंटीमीटरची पाचर दोन्ही बाजूंनी एकेका ओढीत उतरली पाहिजे. दात्याने साल चिरडली की सांधा धरत नाही, आठ-दहा दिवसांत काडी काळी पडते. तिथे जास्त दिवस टिकणारी धार नको, बारीक आणि गुळगुळीत धार हवी, रोज संध्याकाळी चटकन लावता येणारी. १४सी२८एन घ्या. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि थोडा नायट्रोजन, कार्बाइडचे कण बारीक. व्हीजी-१० वाईट नाही, पण पातळ धारेला तेही कण सोडतं, मी वापरून बघितलंय.
आणि त्याच चाकूने गोणी कापू नका. मातीचे कण धार खातात. गोणीला जुना डी२ ठेवा.

सह्यभ्रमर
हे वाचून माझा सल्ला मागे घेतो. ओपिनेलची बीचच्या लाकडाची मूठ पावसात फुगते आणि पातं आत रुतून बसतं. देवगडच्या जुलैत उघडणारच नाही.

टूलरूम_भोसरी
१४सी२८एनला माझंही मत. चीक स्पिरिटने पुसा. काकांचं खोबरेल पात्याला चालेल, चाकूच्या घडीच्या सांध्यात मात्र घालू नका, चिकट होऊन बसतं. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. अजून एक, चाकू ठेवता कशात?

नरेश_८१
पट्ट्याला लावायच्या चामड्याच्या खोळीत.

टूलरूम_भोसरी
ओली होते?

नरेश_८१
रोजच. आत्ता उलटी करून बघितली. आत पांढरट थर आहे, मिठासारखा, आणि तळाला चिकाचा काळा गोळा. घडी केल्यावर पात्याचा पाठचा भाग मुठीबाहेर राहतो, तोच खोळीला टेकतो. ठिपके बरोब्बर तेवढ्याच पट्ट्यात आहेत, बाकी पातं स्वच्छ.
१४सी२८एन ठरलं. खोळीऐवजी खिशाला अडकवायची क्लिप असलेलाच बघतो. पाचरेसाठी एकाच बाजूने उतार दिलेली धार घडीच्या चाकूत मिळते का, की दोन्ही बाजूंची घेऊन दगडावर स्वतः बदलावी?

अनघा_त
विळीचं कोणी सांगेल का?

काका_कुडाळ
अनघाताई, पातं बदलू नका. चिरून झालं की लगेच लिंबाची फोड फिरवा, धुवा, कोरडं पुसा आणि खोबरेलाचा हात लावा.