मदत हवी आहे: बुलेटच्या लेदर सीटचा रंग पँटला लागतोय

मंडळी, बुलेटच्या सिंगल सीटसाठी धारावीतून साडेतीन एमएमचं व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या सालीच्या अर्काने कमावलेलं लेदर आणलं (क्रोम टॅनवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या लेदरवर कोरीवकाम धरत नाही, हे आधी एक तुकडा वाया घालवून शिकलो). ओलं करून, वरचा रंग परत फिकट पडायला लागल्यावर स्विव्हल नाइफने (फिरत्या पात्याच्या सुरीने) मोर आणि वेलबुट्टी कोरली, बेव्हलरने (रेषेची कड दाबणाऱ्या ठशाने) ठोकून उठाव दिला, पिसाऱ्यावर तर मी स्वतःच खूष. मग तपकिरी स्पिरिट डायचे (स्पिरिटमधल्या रंगाचे) दोन हात, एक दिवस वाळवलं, वर ॲक्रिलिक फिनिशचा संरक्षक थर. तरी पहिल्याच दिवशी सायन ते ठाणे जाऊन आलो आणि घामाने खाकी पँटच्या मागे तपकिरी डाग! ऑफिसात काय काय ऐकलं ते विचारू नका.

पांढऱ्या सुती फडक्याने घासून बघितलं, कोरडं असलं तर काही नाही, ओलं केलं की लगेच रंग येतो. डाय वाळल्यावर वर राहिलेली पावडर घासून काढायची असते हे नंतर कळलं, मी ती काढलीच नव्हती.

लेदर फोमवर ताणून रिव्हेट मारलेत, त्यामुळे उतरवायचं नाहीये. गाडी बिल्डिंगखाली उघड्यावर असते, पावसात कव्हर घालतो. रेक्झिन लाव म्हणू नका, ते घरचे रोज म्हणतात.

आता फिनिश डीग्लेझरने (वरचा थर उतरवणाऱ्या द्रवाने) काढून, घासून परत मारलं तर खाचांमधला गडद रंगही जाईल का? आणि घाम-पाऊस दोन्ही सोसेल पण वाकल्यावर तडकणार नाही असं कुठलं फिनिश तुम्ही स्वतः सीटवर वापरलंय?