फॅमिली ग्रुप: आत्याची सोमवारची ट्रिप आणि पांढऱ्या सायकली

आत्या: गुड मॉर्निंग सगळ्यांना. हे बघा काल रात्री बसून शोधलंय. आम्स्टरडॅमहून एक दिवसाची गाईडेड ट्रिप आहे, सकाळी गाडीने नेतात, जंगलाच्या मधोमध म्युझियम आहे क्रोलर-म्यूलर नावाचं, तिथे व्हॅन गॉगची चित्रं, आणि भोवती होखे वेलुवे नावाचं नॅशनल पार्क, संध्याकाळी परत आणून सोडतात. आपला सोमवार मोकळाच आहे. करू का बुक? हो म्हणा पटकन

आई: मला चालेल. फक्त चालणं किती ते विचार

काका: गाईड कशाला? आपली पोरगी तिथे नऊ वर्षं राहते, ती काय कामाची मग

काकू: व्हॅन गॉग???? माझं हो आहे. बाकी कुठे नाही नेलंत तरी चालेल

ताई: आत्या थांब!! बुक नको करूस. म्युझियम सोमवारी बंद असतं. पार्क रोज उघडा असतो, त्यामुळे लोक फसतात, वेबसाईटवर पार्कची वेळ बघतात आणि येतात, मग काचेतून आत बघून परत. ऑफिसमध्ये आहे, लंचला सविस्तर लिहिते

आत्या: अगंबाई. बरं झालं विचारलं

काका: म्हणून म्हणतो मी कधीपासून, घाई करत जाऊ नकोस. लहानपणापासून हेच

आत्या: दादा तू गप. तुझ्या तिकिटाचं स्पेलिंग कोणी दुरुस्त करून घेतलं होतं?

बाबा: मंगळवारी जाऊ. बुधवारी ते बोटीचं आहे

ताई: हां आता लिहिते, लांब होईल, कंटाळू नका. आधी हे समजून घ्या की म्युझियम पार्कच्या *आत* आहे, त्यामुळे तिकिटं दोन लागतात, पार्कचं वेगळं आणि म्युझियमचं वेगळं. माझं म्युझियमकार्ड (इथला म्युझियमांचा पास) म्युझियमला चालतं पण पार्कच्या गेटवर नाही, पहिल्या वेळी मी तिथे वाद घालत उभी होते. ट्रिपवाल्यांना पहिला प्रश्न हाच विचारायचा, दोन्ही तिकिटं धरलीयेत का. आणि दुसरा प्रश्न, जास्त महत्त्वाचा, की प्रत्यक्ष तिथे किती तास देणार. मागच्या वर्षी माझे सासू-सासरे एका बसवाल्यांबरोबर गेले होते (नाव नाही घेत), जाताना एका चीजच्या दुकानात पाऊण तास, मग कॉफी, मग म्युझियममध्ये एक तास, आणि पार्क म्हणजे काय तर बसच्या खिडकीतून. सासूबाई मला विचारतात, तू म्हणत होतीस त्या पांढऱ्या सायकली कुठे होत्या गं? त्यांना दिसल्याच नाहीत. स्टँडसमोरून बस गेली म्हणे.

आई: सायकल?? कोण चालवणार

ताई: आई तीच तर मजा आहे. पार्कमध्ये १८०० पांढऱ्या सायकली आहेत, फुकट, कुलूप नाही, नाव लिहायचं नाही, काही नाही. गेटपाशी स्टँडवरून उचलायची, म्युझियमपाशी लावायची, आत जायचं, बाहेर आलीस की जी समोर असेल ती घ्यायची. तुझी म्हणून वेगळी नाही. सीट मात्र आपापल्या उंचीला बसवून घ्यायची, डच लोक ताडमाड आहेत, आत्याचे पाय अधांतरी राहतील

धाकटा: चोरी नाही होत? 😂

ताई: पार्कला गेटं आहेत रे, बाहेर नाही नेता येत. सत्तरच्या दशकापासून चालूय हे

बाबा: गिअर असतात का

ताई: नाही बाबा. आणि हँडलला ब्रेकही नाही. ब्रेक पॅडलमध्ये असतो, उलटं पॅडल मारलं की सायकल थांबते. हे आत्ताच सांगून ठेवते कारण आपल्याला सवय असते उतारावर उगाच पॅडल मागे फिरवत बसायची, तसं केलंत तर जागच्या जागी ब्रेक लागतो. मी पहिल्या दिवशी अशीच थांबले आणि मागचा आजोबा माझ्यावर आदळता आदळता राहिला, डचमध्ये काहीतरी बोलला, तेव्हा समजलं नाही ते बरं झालं

काकू: अगं पण चित्रांचं सांग ना. मी सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली शाळेत, व्हॅन गॉग कॅलेंडरवरून आणि पुस्तकातल्या बोटभर फोटोवरून. तिथे नक्की काय काय आहे? सूर्यफुलं?

ताई: काकू तुम्ही जी सूर्यफुलं शिकवायचात ना, फुलदाणीतली, ती आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये, तिथे आपण गुरुवारी जाणारच आहोत, वेळेचं तिकीट ऑनलाईन काढून ठेवलंय. क्रोलर-म्यूलरमध्ये जवळजवळ ९० पेंटिंग्ज आणि १८० च्या वर ड्रॉइंग्ज आहेत त्याची, जगात दुसऱ्या नंबरचा संग्रह. रात्रीच्या कॅफेचं ते पिवळ्या छताचं चित्र इथे आहे. फ्रान्समधल्या आर्लचा तो उचलायचा पूल इथे. बटाटे खाणारी माणसं पण आहेत, म्हणजे मोठं फायनल चित्र आम्स्टरडॅमला, त्याच्या आधी केलेलं त्याच विषयाचं इथे, एकाच आठवड्यात दोन्ही बघायला मिळतील तुम्हाला

काकू: कॅफेचं १८८८ चं. त्यात काळा रंग वापरलेला नाही माहितीये? बहिणीला पत्रात त्याने लिहिलंय की रात्रीचं चित्र आहे पण काळा नाही, निळा, जांभळा, हिरवा एवढंच. मी मुलांना सांगायचे की रात्र काढा पण काळ्या खडूला हात लावायचा नाही. एकाने गुलाबी रात्र काढली होती, अजून आहे माझ्याकडे

आत्या: आणि ते तारे गरगर फिरणारं?

काकू: ते न्यूयॉर्कला

आत्या: अरेरे

ताई: पण आत्या त्याच्या जवळचं एक इथे आहे, मे १८९० चं, रात्रीचा रस्ता, मधोमध सायप्रसचं झाड, एका बाजूला चंद्रकोर आणि दुसरीकडे तारा. त्याच्यासमोर मी नेहमी अडकते. लांबून रस्ता वाहत्या पाण्यासारखा दिसतो, जवळ गेलं की नुसते रंगाचे जाड जाड फटके, एकाशेजारी एक, कडा उभ्या राहिलेल्या, आणि त्या कडांची बारीक सावली पडलेली दिसते कॅनव्हासवर. वरून दिवसाचा उजेड येतो त्या दालनांमध्ये, ढग आला की चित्र जरा मिटतं आणि ढग गेला की परत उघडतं. फोटोत हे येत नाही काकू, मी चाळीस तरी काढले असतील. (फ्लॅश चालत नाही, फोटो चालतात.)

काकू: मंगळवार नक्की करा. कोणी नाही आलं तर मी एकटी जाईन

काका: जंगलात म्युझियम बांधायची बुद्धी कोणाची पण? येणार कोण तिथे

ताई: काका ही गोष्ट तुम्हाला आवडेल, धंद्याची आहे. हेलेन म्यूलर, जन्माने जर्मन, वडिलांची फर्म होती जहाजं आणि खाणींची, तिचा नवरा आंतोन क्रोलर तीच फर्म चालवायचा. तिला चित्रांचा नाद, व्हॅन गॉगला फार कोणी विचारत नव्हतं तेव्हापासून ती घ्यायला लागली. नवऱ्याला शिकारीचा नाद, तो इकडे जमीन घेत सुटला. १९११ मध्ये तिचं मोठं ऑपरेशन झालं आणि तिने ठरवलं की वाचले तर या चित्रांसाठी घर बांधायचं. पुढे फर्म अडचणीत आली, मोठ्या म्युझियमचं काम थांबलं, आणि चित्रं देणेकऱ्यांच्या हातात जाऊ नयेत म्हणून १९३५ ला सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला, अट एकच, म्युझियम बांधा. १९३८ ला उघडलं, ती १९३९ ला गेली. दोघांना त्याच पार्कमध्ये पुरलंय

काका: म्हणजे बायकोची चित्रं आणि नवऱ्याची शिकार, आणि आपण दोन्हींची तिकिटं काढायची

काकू: तुम्ही निदान शिकारीचं तरी बघा, माझ्याबरोबर दालनात येऊन घड्याळ बघत उभे राहू नका

ताई: 😂 काका तुमच्यासाठी शिकारीचा बंगलाच आहे, सेंट ह्युबर्टस, बेर्लाग नावाच्या आर्किटेक्टने बांधलेला, वरून बघितलं तर हरणाच्या शिंगांसारखा आकार. तळ्याकाठी आहे. आत फक्त त्यांच्या गाईडबरोबरच सोडतात, बाहेरून मात्र कितीही बघा

बाबा: प्राणी दिसतात का

ताई: सांबरासारखं मोठं तांबडं हरीण, लहान हरणं, रानडुकरं. मूफ्लॉन म्हणून रानमेंढी होती पुष्कळ, शिकारीसाठी आणून सोडलेली. २०२१ पासून लांडगे आलेत पार्कात, त्यांनी मेंढ्यांचा फडशा पाडलाय, त्यावरून इथे रोज पेपरमध्ये भांडणं, पार्कवाले लांडग्यांच्या विरोधात आणि निसर्गप्रेमी बाजूने. घाबरू नका कोणी, मी इतक्यांदा गेलेय, मला एकदाही दिसलेला नाही. पण सप्टेंबर म्हणजे हरणांचा माजाचा काळ, नर ओरडतात, घोगरा आवाज, लांबून ऐकला तर वाटतं कोणीतरी जड कपाट सरकवतंय. पण हे ऐकायचं तर संध्याकाळ हवी, आणि ट्रिपवाल्यांची गाडी साडेचारला निघते, बोंबला

आई: लांडगे आहेत तिथे सायकलवर??

ताई: आई.

धाकटा: आई.

आत्या: मग गाईडेड नकोच म्हणतेस का तू? माझा गोंधळ झालाय आता

ताई: नको असं नाही गं. तुम्ही पाच जण, मी सहावी, माझ्या गाडीत मावणार नाही. ट्रेनने गेलो तर एदे-वाखेनिंगनला उतरून पुढे बस, बदलाबदली आहे, आईच्या गुडघ्यांचं मला टेन्शन. शिवाय काकूंना कोणीतरी माहितगार बरोबर हवा, मी काय सांगणार, मी म्हणणार छान आहे ना काकू. तेव्हा छोट्या व्हॅनवाली ट्रिप चांगली, सात-आठ माणसांची, पण ती पांढऱ्या सायकलींसाठी वेळ देणारी. आत्या तू त्यांना मेल टाक आणि एवढं विचार की दोन्ही तिकिटं आत आहेत का, म्युझियम सकाळी पहिलं घेता का (दहाला उघडतं, बसेस यायच्या आधी दालनं रिकामी असतात), गाईड आत किती वेळ बोलतो आणि नंतर आम्हाला मोकळं किती सोडता. मोकळे तीन तास नसतील तर नको. दुकानात थांबणार असतील तर अजिबात नको

आई: मी सायकल नाही चालवणार, मी बसून राहीन कुठेतरी

ताई: तुझ्यासाठी शिल्पांची बाग आहे ना, म्युझियमला लागूनच, त्याच तिकिटात. २५ हेक्टर आहे पण सगळी नाही फिरायची, व्हीलचेअरही मिळते तिथे. आत शिरल्यावर तळं लागतं, त्यात मार्ता पान नावाच्या शिल्पकर्तीचं एक पांढरं शिल्प तरंगत ठेवलंय, हंसाने मान खाली घातल्यासारखं, वारा आला की ते अगदी हळू वळतं. आपण बोलत बसतो आणि मध्येच लक्षात येतं की अरे याचं तोंड मघाशी तिकडे होतं. तिथे बाक आहे. तू आणि मी तिथे बसू, डबा खाऊ, बाकीचे जाऊ देत सायकली घेऊन

आई: हे चालेल. दशम्या करून आणते येताना, टिकतात

धाकटा: मला काय बघायला सांगशील? मी नाहीये म्हणून विचारत नाही कोणी

ताई: तुझ्यासाठी द्युब्युफे नावाच्या फ्रेंच कलाकाराचं पांढरं-काळं अंगण, पायऱ्या चढून आतच जायचं शिल्पाच्या, वर सगळं उंचसखल, कॉमिकच्या पानावर चालल्यासारखं वाटतं. १९७४ चं आहे. पाऊस नसेल तर. आणि वाळू. जंगलातून सायकल चालवत येतोस आणि एकदम झाडं संपतात, समोर नुसती वाळू पसरलेली, समुद्र नाही काही नाही, मध्येच एखादा वाकडा पाईन. पहिल्यांदा मी सायकल टाकून दिली आणि बूट काढून चालत सुटले. परत आले तर सायकल गायब, कोणीतरी नेली, चूक माझीच, रस्त्याकडेला उभी सायकल म्हणजे सगळ्यांची. चार किलोमीटर चालत आले बूट हातात घेऊन

काका: हे आधी सांगायचं. आम्ही तिघं गेलो वाळू बघायला तर एकाने सायकलींपाशी थांबायचं

आत्या: दादा तू थांब, तुला तसंही वाळूत काय बघायचंय

(संध्याकाळी)

आत्या: मेलचं उत्तर आलं. मंगळवारी जागा आहे सहा. दोन्ही तिकिटं धरलीयेत. म्युझियम दहाला, गाईड दीड तास, मग पावणेचारपर्यंत मोकळं. दुकान नाही. पण मधे जेवायचा वेळ धरलाय एक तास, तो वेगळा पकडायचा का?

ताई: दशम्या आहेत ना, तो तास आपला. कर बुक

काकू: कर कर

काका: गाईडला मराठी येतं का

काकू: दुर्लक्ष करा

ताई: बाबा कुठे गेले? त्यांचं हो आलंच नाही

धाकटा: बाबा खाली पार्किंगमध्ये आहेत माझी सायकल घेऊन. उलटं पॅडल मारून ब्रेक लागतो का बघतायत. चेन उतरलीय, हात काळे झालेत, वर यायला तयार नाहीत

आई: मी सांगितलं होतं नका जाऊ