मदत हवी आहे: बाळंतपणात थर्ड डिग्री टेअर (गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटणं), 36 दिवस झाले, गॅस रोखता येत नाही

नमस्कार मैत्रिणींनो. घरात हे कुणाशी बोलता येत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी पहिलटकरीण. जळगावच्या एका खासगी दवाखान्यात नॉर्मल डिलिव्हरी झाली, मुलगी 3.8 किलोची. शेवटी बाळाला बाहेर ओढायला डोक्याला व्हॅक्यूम लावावा लागला. नंतर मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, कमरेत इंजेक्शन देऊन बराच वेळ टाके घातले. "थोडं जास्त फाटलंय," एवढंच सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर '3बी' लिहिलंय हे मी दहाव्या दिवशी वाचलं, तेही बाळाच्या लसीची तारीख शोधताना.

मग मिळेल ते वाचत बसले. पहिल्या डिग्रीत नुसती कातडी फाटते, दुसरीत खालचे स्नायूही, तिसरीत गुदद्वार आवळून धरणारा गोल स्नायू, चौथीत गुदाशयाचं आतलं अस्तरसुद्धा. 3बी म्हणजे त्या गोल स्नायूच्या बाहेरच्या कड्याची निम्म्याहून जास्त जाडी फाटलेली. पहिलं बाळंतपण, वजनदार बाळ, व्हॅक्यूम यांनी हा धोका वाढतो. हे वाचेपर्यंत मला वाटत होतं, मीच जोर चुकीचा लावला.

टाके आता दुखत नाहीत. ताप नाही, घाण वास नाही. पण गॅस येतोय हे कळेपर्यंत तो सुटलेला असतो. बारशाला मुलीला मांडीवर घेऊन बसले होते, सासरे समोर, आणि तेच झालं. कुणी काही बोललं नाही. मी आत गेले ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आलेच नाही. दोनदा शीची घाई लागली तेव्हा बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंतच कशीबशी पोचले.

सध्या माहेरी आहे, अमळनेरजवळ. आईचा जीव माझ्यावर आहे, पण तिचं बाळंतिणीचं पथ्य जुनं. बाहेर 44 अंश, तरी बाजेखाली शेगडी. पाणी मोजून, पालेभाजी बंद, सकाळ-संध्याकाळ डिंकाचा लाडू. परिणाम व्हायचा तोच झाला: शी खड्यासारखी घट्ट, आणि कुंथायची भीती, कारण सगळा ताण त्याच शिवणीवर. डॉक्टरांनी शी मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप दिलं होतं, ते "बाळाले जुलाब व्हतीन" म्हणून तिनं कपाटात ठेवलं. मी वाचलंय की ते आतड्यातच काम करतं, रक्तात जवळजवळ जात नाही, अंगावर पाजताना चालतं. परवापासून परत सुरू केलंय, पाणीही वाढवलंय. गॅसचं आईला अजून सांगितलेलं नाही. टाक्यांचा विषय काढला तर म्हणते, "आम्हले काय टाका नही पडनात? काही व्हस नही." तिला पडले असतील, पण या जागी पडले होते का, हे तिलाही कधी कुणी सांगितलेलं नसेल.

सव्वा महिना होईपर्यंत घराबाहेर जायचं नाही असं ठरलंय. तपासणी सहाव्या आठवड्यात आहे. विचारायचंय ते असं:

ज्यांना तिसरी किंवा चौथी डिग्री होती, त्यांचा गॅसवरचा ताबा किती दिवसांनी परत आला? नीट शिवल्यावर वर्षभरात 60 ते 80 टक्के बायकांना काही त्रास उरत नाही असं वाचलंय, त्याच आशेवर आहे.

गॅस रोखल्यासारखं आवळायचं आणि सोडायचं, हा व्यायाम झोपूनच करते, दिवसातून तीनदा. पण आवळताना पोट आणि मांड्याही ताणल्या जातात. बरोबर जमतंय हे कसं ओळखायचं?

धुळे किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात या स्नायूची आतून सोनोग्राफी होते का, की नाशिकच गाठावं लागेल? ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवणारी बाई फिजिओथेरपिस्ट जवळपास आहे का?

पुढचं बाळंतपण सिझेरियनच करावं लागतं का, हेही कुणाला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर लिहा.

आणि एक विनंती. उत्तर सोप्या मराठीत लिहा. रात्री बाळ झोपलं की मी ते आईला वाचून दाखवणार आहे. माझ्या तोंडून तिला पटत नाही, चार लेकुरवाळ्या बायकांचं ती ऐकेल.