आकडे फुगवलेले नव्हते, उलट कमी होते

"कोविडच्या मृत्यूंचे आकडे फुगवले आणि त्या भीतीपोटी टाळेबंदी लावून धंदे बुडवले" असं काही जण म्हणतात, त्यातलं दुसरं अर्धं मान्य. २४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा, बाराला देश बंद. हातावर पोट असलेल्या माणसाने चार तासांत करायचं काय? ८ मे ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. आणि सप्टेंबरात संसदेत उत्तर काय, तर स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची माहितीच ठेवलेली नाही!

पण फुगवलेले आकडे? इथे गाडी उलटी धावतेय. जून २०२० मध्ये महाराष्ट्राने जुने १३२८ मृत्यू एका दिवसात यादीत चढवले, ते आधी सुटलेले होते म्हणून. जन्ममृत्यू नोंदणीचे आकडे बघा: २०१९ मध्ये देशात साधारण ७६ लाख मृत्यूंची नोंद, २०२० मध्ये ८१ लाख, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. नोंदणी सुधारली, लोकसंख्या वाढली हे धरलं तरी एका वर्षात २१ लाखांची उडी नुसत्या कागदपत्रांनी पडत नाही. सरकारी हिशोबात २०२१ अखेर कोविडचे मृत्यू पाच लाखांच्याही आत होते. जागतिक आरोग्य संघटनेचा ४७ लाखांचा अंदाज सरकारने फेटाळला, त्यातल्या गणिती पद्धतीवर वाद घाला खुशाल. पण नोंदणीचे आकडे तर आपल्याच सरकारचे, आणि २०२१ चे बाहेर आले २०२५ च्या मे महिन्यात.

टाळेबंदी चुकीच्या पद्धतीने लादली म्हणायला आजार खोटा होता असं म्हणावं लागत नाही हो.