सात आठवडे आधी जन्मलेले बाळ अजून कुशीवर वळत नाही

प्रश्न : खानापूर तालुक्यातील एक आई

नमस्कार. माझा मुलगा मे महिन्याच्या अखेरीस, 33 आठवडे पूर्ण होताच जन्मला. वजन 1 किलो 800 ग्रॅम होते आणि बेळगावातील एका रुग्णालयात तो 12 दिवस काचेत होता. आज त्याला 22 आठवडे झाले. तो हसतो, हुंकार देतो, माझ्या आवाजाकडे मान वळवतो. परंतु कुशीवर वळत नाही आणि पालथे घातल्यास मान क्षणभर उचलून लगेच टेकवतो. जाऊबाईंची मुलगी याच वयात पालथी पडत होती, त्यामुळे घरात रोज तुलना होते. सासूबाई मायेनेच बोलतात, पण मला रात्री झोप लागत नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदांवर औषधे आणि लसींच्या तारखा होत्या. वाढीविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. तायी कार्डावरील, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावरील, कन्नड अक्षरे मला जुळवता येतात, अर्थ मात्र लागत नाही. आणखी एक शंका अशी की, शेजारच्या आजी त्याच्याशी कन्नडमध्ये बोलतात आणि आम्ही मराठीत. दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे लांबते, हे खरे काय?

उत्तर : निपाणीहून, जुळ्यांची आई

ताई, आपल्या बाळाची वये दोन आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. गर्भाचे पूर्ण दिवस 40 आठवड्यांचे धरतात. आपले बाळ 7 आठवडे आधी आले. म्हणून 22 मधून 7 वजा केले की उरतात 15 आठवडे, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने. वाढीच्या खुणा या दुसऱ्या वयाने पाहायच्या असतात. माझी जुळी लवकर जन्मली तेव्हा प्रसूतीची मूळ तारीख मी कॅलेंडरवर लाल शाईने गोल केली होती आणि तेथूनच महिने मोजत असे. त्या नादात एक चूकही केली : दीड महिन्याची लससुद्धा त्याच हिशेबाने पुढे ढकलली आणि परिचारिकाबाईंची बोलणी खाल्ली. लसी जन्मतारखेनेच द्यायच्या असतात.

उत्तर : बेळगावातील बालरोगतज्ज्ञ

वरील हिशेब बरोबर आहे आणि साधारणपणे दोन वर्षांपर्यंत तो लावावा. साडेतीन महिन्यांच्या बाळाने कुशीवर वळलेच पाहिजे अशी अपेक्षा नसते. त्याची मान आता कोठे स्थिरावू लागलेली असते. स्नायूंवरील ताबा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो, म्हणून मान, मग खांदे आणि पाठ, मग बसणे हा क्रम मी तारखेपेक्षा महत्त्वाचा मानतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय बसू लागण्याचा काळ 3.8 महिन्यांपासून 9.2 महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. त्या अभ्यासात दिल्लीतील मुलेही होती. एवढी मोकळीक असताना जावेच्या मुलीशी तुलना करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे वाढीच्या तपासणीसाठी त्रिवेंद्रमचा तक्ता वापरतात. त्यात 17 टप्पे असून बाळाच्या वयावर पेन्सिल उभी ठेवायची. पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण राहिलेला एखादा टप्पा बाळाला जमत नसेल, तर पुढील तपासणी करायची. पेन्सिल 22 आठवड्यांवर ठेवली आणि 15 आठवड्यांवर ठेवली, तर निष्कर्ष वेगळा निघू शकतो, हे आपल्या लक्षात येईलच.

तथापि काही गोष्टींत वाट पाहू नये. दुरुस्त वयाचे, म्हणजे लवकर आलेले आठवडे वजा करून उरणाऱ्या वयाचे, तीन महिने उलटूनही बाळ हसत नसेल, अंगठा आत घेऊन मुठी सतत आवळलेल्या राहत असतील, एकाच हाताची हालचाल दिसत असेल, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढून ताठ होत असतील, अंग अगदी लुळे वाटत असेल किंवा येत असलेली गोष्ट बंद झाली असेल, तर लगेच दाखवावे. आपल्या बाळाबाबत मला खरी काळजी निराळीच वाटते. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा साधारण महिन्याभरात तपासावा लागतो. ती तपासणी आणि कानांची चाचणी झाली आहे का, हे कागदांत पाहावे. झाली नसल्यास याच आठवड्यात यावे. बाळ आवाजाकडे वळते म्हणून कानांची चाचणी टाळू नये.

दोन भाषांमुळे बोलणे लांबत नाही. आजींना खुशाल कन्नडमध्ये बोलू द्यावे.

उत्तर : चिकोडी तालुक्यातील अंगणवाडी सेविका

खानापूरकडचा पाऊस पाहता मला एक विचारावेसे वाटते. जून ते सप्टेंबर बाळ दुपट्यात गुंडाळून झोळीतच होते का? ओल धरलेल्या जमिनीवर तान्ह्याला ठेवायला कोणीच धजत नाही, आणि झोळीत पाठ वाकलेल्या बाळाला मान उचलण्याची सवय लागणार कशी? घोंगडे दुहेरी घालून वर धुवट पातळ अंथरावे. बाळ जागे असताना, दूध पिऊन काही वेळ झाल्यावर, त्याला दोन-तीन मिनिटे पालथे घालावे आणि आपण समोर तोंड करून पडावे. दिवसातून चार-पाच वेळा हे सहज होते. रडले तर आपल्या छातीवर पालथे घेतले तरी चालते. झोपवताना मात्र उताणेच झोपवावे. उशांच्या आधाराने बसवण्याची आणि पांगुळगाड्याची घाई करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुले तपासायला येते, त्या दिवशी बाळाला घेऊन जावे. तायी कार्डही सोबत न्यावे. आमच्यासारख्या सेविका ते वाचून मराठीत सांगतात.

पुन्हा, खानापूरहून

सर्वांचे आभार. कागद शोधले : डोळ्यांची तपासणी झालेली आहे, कानांची नाही. तिच्यासाठी सोमवारी जात आहोत. झोळीचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. काल घोंगड्यावर पालथे घातले तेव्हा पहिल्यांदा तो रडला. दुसऱ्यांदा सासूबाईंनी समोर बसून हातातल्या बांगड्या वाजवल्या आणि त्याने मान उचलून, डुगडुगत का होईना, मी दहा अंक मोजेपर्यंत धरून ठेवली. उष्टावण कोणत्या वयाने करायची, हेही सोमवारी विचारून येते.