हेसिओनीचा मुलगा आणि मामाचं घर

ग्रीक पुराणकथांतल्या हेसिओनीला वीर हेराक्लीसने समुद्री राक्षसापासून सोडवलं की तिची गोष्ट संपते, असं म्हटलं जातं. ते पटत नाही. खरी गुंतागुंत पुढेच आहे. ट्रॉयचा राजा लाओमेडॉनची ही लेक म्हणजे पुढे ट्रॉयचा राजा झालेल्या प्रायमची बहीण. हेराक्लीसने ट्रॉय जिंकल्यावर ती आपला ग्रीक साथीदार तेलामोनला बक्षीस दिली आणि तिच्या पोटी ट्यूसर जन्मला. म्हणजे प्रायमचा मुलगा हेक्टर त्याचा मामेभाऊ!

ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या इलियड महाकाव्यात, ८व्या सर्गात, ग्रीकांकडून लढणारा हा ट्यूसर सावत्र भाऊ एजॅक्सच्या ढालीआडून हेक्टरवर बाण सोडतो. नेम चुकतो आणि बाण लागतो गॉर्गिथिऑनला, तोही प्रायमचाच मुलगा. पावसाने जड झालेल्या खसखशीच्या बोंडासारखी त्याची मान कलते. आतेभावाच्या हातून मामेभाऊ गेला, पण होमर तिथे नात्याचा उच्चारही करत नाही. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘एजॅक्स’ नाटकात मात्र ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन त्याला दासीपुत्र म्हणून हिणवतो, तेव्हा ट्यूसर ठणकावून सांगतो की माझी आई लाओमेडॉनची मुलगी, जन्माने राजकन्या आहे.