‘व्हायरोलिसिस’: विषाणूनाश, विलयन की भेदन?

विचारणा: एचआयव्हीच्या कणांना फोडणाऱ्या ‘डावेई’ प्रथिनांवर मराठीत लेख लिहायचा आहे. ‘व्हायरोलिसिस’ला, म्हणजे विषाणूचा कण फुटण्याला, ‘विषाणूनाश’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘स्पाइक’ला, म्हणजे कणाच्या आवरणावर बाहेर आलेल्या प्रथिनाला, ‘काटा’?

प्रतिसाद १: ‘नाश’ नको. साबण, उकळतं पाणी, अल्कोहोल यांनीही नाश होतोच. इथे सांगायचं आहे ते नेमकं कसं होतं ते. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात आयर्विन चायकेन आणि कॅमेरॉन अब्राम्स यांच्या गटांनी रचलेल्या या प्रथिनाचं काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या एका टोकाला सायनोव्हायरिन असतं. नॉस्टॉक या नीलहरित जिवाणूतलं हे १०१ अमिनो आम्लांचं प्रथिन काट्यातल्या जीपी१२० या प्रथिनावरच्या मॅनोज शर्करांना चिकटतं. दुसऱ्या टोकाला जीपी४१ या काट्यातल्या दुसऱ्या प्रथिनाचा आवरणाच्या पटलालगतचा, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाने भरलेला तुकडा, आणि मध्ये ग्लायसीन-सेरीनचा लवचीक दुवा. दोन्ही टोकं सुटी करून एकत्र मिसळली तर कण फुटत नाही, जोडलेलीच हवीत. जोडलेलं प्रथिन दोन ठिकाणी धरतं तेव्हा आवरणाला भोक पडतं आणि आतलं पी२४ हे गाभ्याचं प्रथिन बाहेर येतं. म्हणून ‘भेदन’.

प्रतिसाद २: ‘विलयन’ही टाळावं, आणि याचं कारण प्रयोगातच आहे. १०० टक्के फुटण्याचं माप ठरवायला काही कण १ टक्का ट्रायटन घालून फोडतात. ट्रायटन हे डिटर्जंट, ते पटल खरोखर विरघळवतं. डावेई तसं करत नाही. दोन्हींना एकच शब्द वापरला तर प्रयोग आणि त्याचा नियंत्रक (तुलनेचा नमुना) यांतला फरकच पुसला जाईल.

‘गळणे’ त्याहून फसवं आहे. पान गळतं आणि पाणीही गळतं. काही पेप्टाइड ट्रायझोल या, जीपी१२० ला चिकटणाऱ्या रेणूंमुळे जीपी१२० काट्यावरून सुटून पडतं, पण कण शाबूत राहतो. त्याच रेणूंच्या मोकळा थायोल (गंधक-हायड्रोजन) गट असलेल्या प्रकारात पी२४ देखील बाहेर येतं. दोन्हींना ‘गळती’ लिहिलं तर वाचकाला वाटेल, कण फुटला. जीपी१२० ‘झडतं’ आणि पी२४ ‘गळतं’ असं कटाक्षाने लिहा.

पी२४ मोजण्याची कृती लिहिणार असाल तर क्रम चुकवू नका. कण आणि प्रथिन ३७ अंशांना एकत्र ठेवायचं, मग अतिवेगी अपकेंद्रणाने शाबूत कण तळाशी बसवायचे आणि फक्त वरच्या द्रवातलं पी२४ एलायझा या प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीने मोजायचं. कण न बसवता थेट मोजलं तर एलायझाच्या संचातलं डिटर्जंटच उरलेले कण फोडतं आणि सगळीकडे ‘भेदन’ दिसतं. कण गोठवून-वितळवून पुन्हा पुन्हा वापरले की पी२४ आधीच सांडलेलं असतं, त्यामुळे काहीही न घातलेला नमुना सोबत हवाच. शिवाय एचआयव्हीच्या काट्याऐवजी व्हीएसव्ही या दुसऱ्या विषाणूचं ‘जी’ प्रथिन लावलेले कणही घ्यावेत. ते फुटले तर परिणाम एचआयव्हीच्या काट्यामुळे नाही, हे लगेच कळतं.

प्रतिसाद ३: ‘काटा’ चालेल, कोविडपासून तो रुळलेलाच आहे. फक्त तो टोकदार नाही हे एकदा सांगा. जीपी१२० ची तीन डोकी, खाली जीपी४१ चे तीन देठ, आणि एका कणावर असे साधारण चौदाच. ‘काटे मोडणारं प्रथिन’ असं शीर्षक मात्र देऊ नका. इथे काटा हे धरण्याचं ठिकाण आहे, फुटतं ते आवरण.

विचारणाऱ्याकडून: मग ‘एचआयव्हीला मारणारं प्रथिन’?

प्रतिसाद १: कृपया नको. हे प्रथिन पेशीबाहेरच्या मोकळ्या कणांवर चालतं. पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसलेल्या एचआयव्हीच्या डीएनएला ते हातही लावत नाही. औषधावर जगणारा माणूस तुमचा लेख वाचेल तेव्हा ‘मारणारं’ या शब्दाचा अर्थ ‘बरं करणारं’ असाच घेईल. ‘मोकळे विषाणुकण भेदणारं प्रथिन’ लिहा.

प्रतिसाद २: आणि समासात ‘णु’ ऱ्हस्व. विषाणू एकटा असला की दीर्घ, पण विषाणुभेदन, विषाणुकण, विषाणुनाश.